पातळ जेवण

तारकपूर, नगर
सोमवार, २ जून २०२५

चि. स्टेला,

सलाम.

हे पत्र कामापुरतं आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. तू घरी आणलेला तो पांढरा मिक्सर, त्याची माहितीपुस्तिका तुझ्याकडे नाशिकला आहे का? खोक्यात सापडली नाही. खोक्यात तीन भांडी, एक जाळी आणि एक प्लास्टिकचा दांडा निघाला. दांडा कशासाठी असतो ते कळव.

फोन करून विचारलं असतं, पण माझ्या फोनवरून आवाज नीट जात नाही.

झालंय असं की मी दातांचं थोडं काम करून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, काही दिवस पातळच घ्या. पातळ म्हणजे नेमकं काय, हे कोणी सांगत नाही. दूध घ्या, ज्यूस घ्या, म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. दूध मला लहानपणापासून आवडत नाही, तुला माहीत आहे.

शनिवारी चार मोसंबी सोलली आणि भांड्यात घातली. भांडं काठोकाठ भरलं. झाकण ठेवलं, बटण फिरवलं, आणि झाकण गेलं वर. छतावर, दिनदर्शिकेवर, शेवटच्या भोजनाच्या तसबिरीवर, सगळीकडे मोसंबी. एकट्या पेत्रावर एवढा चोथा होता की फडकं तीनदा पिळावं लागलं. झाकणावर हात दाबून धरायचा असतो, हे माणसाला आधी सांगायला नको का?

दुसऱ्यांदा हात दाबून धरला. रस झाला, पण कडू जहर. बियांसकट फिरवला म्हणून, असं शेजारच्या रतनबाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी गाजरं घातली तर मशीन घुर्रर्र करून गप्पच झालं. वास आला. जळलं बहुतेक. दोन वर्षं नुसती पडून राहिलेली वस्तू, आणखी काय होणार?

त्रेसष्टाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात उभा राहून एका डब्याशी भांडतोय. तुझी आई असती तर हसली असती.

उत्तर लगेच दे. मला दिवसातून पाच वेळा काहीतरी पोटात घालावं लागतं.

तुझा पपा


शनिवार, १४ जून

चि. स्टेला,

सलाम. बारा दिवस झाले. पोस्ट एवढं हळू चालत नाही. मी तीस वर्षं कोर्टात शिपाई होतो, समन्स किती दिवसांत पोचतं ते मला कळतं.

मिक्सर जळला नव्हता. रतनबाईंची सून स्नेहल आली, मशीन उलटं केलं, खालचं लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "काका, जास्त भार झाला की ते आपोआप बंद पडतं. जळायला नको म्हणून." चालू झालं. तीन दिवस मी पाण्यावर आणि नारळपाण्यावर काढले होते. लाल बटण! ते मशीनच्या बुडाशी कोणी लावलं असेल त्याला माझ्यापुढे उभा करा.

आता खरं लिहितो, कारण खोटं लिहून तू उत्तर देत नाहीसच.

दातांचं काम नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन झालं. डावीकडचा खालचा जबडा काढला. जिभेचाही तुकडा काढला. मांडीचं मांस घेऊन तिथे लावलंय. तंबाखूनेच. तू आणि आई सांगत होतात, आणि मी म्हणायचो, माझे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते. चर्चमधले अँड्र्यू साळवे माझ्याबरोबर आले होते, फॉर्मवर सही त्यांनीच केली. नातं या जागी त्यांनी 'मित्र' लिहिलं. क्लार्क म्हणाला, घरचं कोणी नाही का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

नाकातली नळी वीस दिवसांनी काढली. तेव्हापासून तोंडाने घेतोय, पण चावता येत नाही. आणि बोलता येत नाही. म्हणजे आवाज निघतो, घशाला काही झालेलं नाही. शब्द होत नाहीत. 'पाणी' म्हणायला जातो तर नुसतं हाँई हाँई होतं. रिक्षावाला मला दारुडा समजून पुढे जातो.

मे महिन्यात मी तुला एक फोन केला होता. तू दोनदा हॅलो म्हणालीस. मग म्हणालीस, "पपा, तुम्ही प्यायलात का?" आणि ठेवून दिलास. तुझी चूक नाही. तसंच ऐकू येतं.

वजन अकरा किलो उतरलंय. परवापासून शेक सुरू होतोय. रेडिएशनला इथे सगळे शेकच म्हणतात, जणू पाठ धरलीय आणि गरम पिशवी देतायत.

आंब्याच्या फोडी आणि दूध चांगलं फिरतं, पण दोरे राहतात आणि टाक्यांत अडकतात. गाळणीतून जात नाही, मलमलच्या फडक्यातून जातं पण अर्धा तास लागतो. याला काही उपाय?

तुझा पपा


गुरुवार, ३ जुलै

चि. स्टेला,

सलाम. तिसरं पत्र. तू वाचतेस की न फोडता ठेवतेस, काय माहीत.

आज डोकं फिरलंय. सकाळी शेकाच्या रांगेत नर्स माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आजोबा, जेवलात काऽऽ?" मी बहिरा नाही, बाई! माझं तोंड गेलंय, कान नाही. ज्याला ज्याला कळतं की मी बोलू शकत नाही, तो माझ्याशी मोठ्याने बोलतो, नाहीतर माझ्यादेखत माझ्याबद्दल दुसऱ्याशी बोलतो. मी पाटीवर लिहायला घेतो. लहान मुलांची पाटी आणलीय चितळे रोडवरून, काळी, लाकडी चौकटीची. मी अर्धं वाक्य लिहीपर्यंत माणूस निघून जातो.

मागच्या आठवड्यात कोर्टात गेलो होतो, जुनी माणसं भेटावीत म्हणून. माझ्या जागी नवा शिपाई आलाय. पुकारा करतो तर नाव पायरीच्या खाली जात नाही. पक्षकार झाडाखाली बसलेले, त्यांना पत्ताच नाही. मी पुकारा केला की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून आरोपी पळत यायचा. कोर्टात असा मी, आणि घरीही तसाच होतो. हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.

कँटीनमध्ये सगळ्यांनी आग्रह करून चहा दिला. डावीकडून सगळा शर्टावर सांडला. मी पुन्हा गेलो नाही.

आता मिक्सरचं सांगतो. केळं, चार खजूर आणि भिजवलेले शेंगदाणे, त्यात दूध नाही, ताक. हे जमलं. शेंगदाणे आधी थोड्या पाण्यात एकटे फिरवायचे, मग बाकीचं. सगळं एकदम घातलं की दाणे तसेच फिरत बसतात. दुधी उकडून मीठ आणि जिरं घालून फिरवला तर गिळवतो. गरम डाळ मात्र झाकण लावून फिरवू नये. वाफेनं झाकण उडतं. हातावर फोड आलाय. हे मी स्वतः शोधून काढलं, कोणी सांगितलं नाही.

शेकाला एक छगन म्हणून गडी येतो, जामखेडकडचा, पन्नाशीचा, टेम्पो चालवायचा. त्याचंही माझ्यासारखंच ऑपरेशन, फक्त उजव्या बाजूचं. त्याला थोडं बोलता येतं. काल माझ्याकडे बघून म्हणाला, "आपन दोघं मिळून एक तोंड हाय, भाऊ." हसलो तर टाके ओढले. बायको बनाबाई रोज बसनं बरोबर येते. दोघं सकाळी सहाला निघतात. तो भाताच्या पेजेवर आहे, दुसरं काही घेत नाही.

तोंडात फोड आलेत. लिंबू-मोसंबी बंद.

पपा


सोमवार, २१ जुलै

स्टेला,

तुझं पत्र आलं. मी तीन पत्रं लिहिली आणि तुझ्या चार ओळी आल्या. त्या मला पाठ झाल्यात.

"पपा, आजाराचं वाचून वाईट वाटलं. शेक अर्धवट सोडू नका. पण मिक्सर कसा चालवायचा हे मला विचारू नका. तो माळ्यावर कुणी टाकला, हे तुम्ही तीन पत्रांत एकदाही लिहिलेलं नाही."

दोन दिवस मी रागातच होतो. आजारी बापाला लिहायची ही भाषा का, असं पाटीवर लिहून रतनबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, पदराने पाटी पुसली आणि म्हणाल्या, "मग लिवा की भाऊ, कोनी टाकला त्ये." भिंतीला भिंत आहे. त्यांना सगळं ठाऊक आहे.

मी टाकला.

तुझ्या आईला, रोझीला, पिशवीचा कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तेव्हा तू नाशिकहून बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन आलीस. रोझीला तू शिकवलंस. डाळिंबाचे दाणे जरासेच फिरवायचे, बी फुटू द्यायची नाही, मग फडक्यातून गाळायचं. ती दुपारी तीनच्या सुमाराला फिरवायची, कारण तेव्हा तिला जरा बरं वाटायचं. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो. जेवून पडायचो, टीव्ही लावायचो. त्या मशीनचा आवाज सुरू झाला की मी ओरडायचो, "घर आहे की पिठाची गिरणी?" ती बंद करायची. मी झोपलो असं वाटलं की पुन्हा एकेक सेकंद बटण फिरवायची, चोरासारखी. एक दिवस मी उठलो, मिक्सरची वायर काढली, भांड्यांसकट खोक्यात भरला आणि माळ्यावर टाकला. ती ओट्याला टेकून उभी होती. हातात सोललेलं डाळिंब. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

त्यानंतर ती वरवंट्याने ठेचून फडक्यातून पिळायची. हातांत ताकद राहिली नाही तेव्हा ते पण थांबलं.

आणि तू एका रविवारी आलीस, विचारलंस मिक्सर कुठे गेला. मी म्हणालो, "तुझ्या आईलाच त्या आवाजाचा त्रास होतो." ती समोर बसली होती. तिने मान खाली घातली आणि हो म्हणाली.

तिच्या मातीच्या दिवशी तू माळ्यावरून खुर्च्या काढायला चढलीस आणि तुला खोकं दिसलं. त्यावर धूळ होती. तू सगळ्या लोकांसमोर मला विचारलंस, मी सगळ्यांसमोर तुला गप्प बस म्हणालो. तू त्याच संध्याकाळी गेलीस. दोन वर्षं पाच महिने झाले.

हे तुला माहीतच होतं. पण मी लिहावं अशी तुझी इच्छा होती, ते बरोबर आहे.

आता मी रोज दुपारी तीनला मिक्सर लावतो. मला आवाजाचा काही त्रास होत नाही. कसला त्रास होत होता मला, तेच आठवत नाही.

पपा


रविवार, १० ऑगस्ट

चि. स्टेला,

सलाम. शेक संपला. तीस झाले, एकही चुकवला नाही. तुझं ऐकलं.

छगनने मात्र शेवटचे सहा सोडले. आठवडाभर दिसला नाही म्हणून मी नर्सच्या टेबलावर पाटी आपटून त्याचा नंबर मागितला. अँड्र्यूंनी फोन केला. बनाबाई फोनवर रडायला लागली. म्हणाली, "ते खातच न्हाईत. पेज पुढं केली की तोंड फिरवत्यात. म्हनत्यात, असं जगन्यापरीस मेलेलं बरं."

मी शुक्रवारी जामखेडच्या बसमध्ये बसलो. मांडीवर मिक्सर. कंडक्टर म्हणाला, "बाबा, दुकान टाकायलं का?" त्याला काय सांगणार.

त्यांचं घर जामखेडच्या पुढे चार किलोमीटर, फाट्यावरून आत. उन्हाने डोकं तापलं. गेलो तर लाईट नाही, दोनला येईल म्हणाले. छगन बाजेवर पडलेला. गालाची हाडं वर आलेली. मला बघून उठून बसला, मग पुन्हा आडवा झाला. म्हणाला, "कशाला आलास? तुला बोलता येत न्हाई, मला ऐकू वाटत न्हाई." मला एवढा राग आला! तीन तास बस, वर हे ऐकायचं. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी पण मरत होतो. रिकाम्या पोटी मरू नको.' त्याने वाचलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

बनाबाईंनी सकाळी बाजरीच्या भाकरी केलेल्या होत्या, पोरांसाठी. मी एक उचलली. त्या म्हणाल्या, "आवो, तुमाला कुठं चावती?" मी खुणेनं डाळ मागितली. भाकरी कुस्करून पातळ डाळीत अर्धा तास भिजत घातली. दोन वाजून गेले तरी लाईट नाही. सव्वादोन. अडीच. मी दिव्याच्या बटणाकडे बघत बसलो, कोर्टात निकालाची वाट बघतात तसा. पावणेतीनला पंखा फिरला.

आधी मूठभर भाजलेले शेंगदाणे थोड्या पाण्याबरोबर फिरवले. मग भिजलेली भाकरी, डाळ, मीठ, चमचाभर तूप, कोमट पाणी. मिरची नाही. भांडं अर्धंच भरलं, झाकणावर हात दाबला. तीनदा फिरवलं. मग बनाबाईंच्या चहाच्या गाळणीतून गाळलं आणि फुलपात्रात ओतलं.

छगनने वास घेतला. एक घोट घेतला, चांगल्या बाजूनं, मान वाकडी करून. बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाला, "भाकर हाय."

बनाबाई म्हणाल्या, "काय?"

"अगं, भाकर हाय ही. बाजरीची."

त्याने दोन फुलपात्रं घेतली. बनाबाई चुलीकडे तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "इत्तं सोपं व्हतं व्हय? तीन म्हैने म्या पेज पाजली. कुनी सांगितलंच न्हाई मला." मला त्यांना सांगायचं होतं की मलाही कोणी सांगितलं नव्हतं, चूक तुमची नाही. पण पाटीवर लिहून काय उपयोग, त्यांना वाचता येत नाही. तरी लिहिलं, छगनने वाचून दाखवलं.

निघताना मनात आलं, मिक्सर इथेच ठेवावा. ठेवला नाही. मलाही रात्रीचं जेवायचं होतं. बसमध्ये स्वतःवरच चरफडत आलो. छगनचा भाऊ बाजाराच्या दिवशी त्यांच्यासाठी घेणार आहे म्हणतात. तोवर पाट्यावर वाटून करतील. सोमवारपासून तो राहिलेल्या शेकाला येणार आहे. बनाबाईंनी काल अँड्र्यूंना फोन करून सांगितलं.

स्टेला, एक विचारतो. तू एकदा घरी ये. मी बोलू शकत नाही. तुला जे बोलायचं असेल ते पूर्ण बोल. मी मधे तोंड घालायचो, आता इच्छा असली तरी येणार नाही.

तुझा पपा


गुरुवार, ४ सप्टेंबर

स्टेला,

रविवारी तू आलीस. बस उशिरा आली, तू दारात उभी राहिलीस आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतलीस. एवढंच केलंस, पण मला कळलं की तू घाबरलीस. मी आरशात बघायचं सोडलंय.

तू दोन तास बोललीस. मला खरं लिहू दे. पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होतो. तू म्हणालीस, मी आईला डॉक्टरकडे न्यायला चार महिने लावले. मला म्हणायचं होतं, तीच म्हणत होती की काही नाही. तू म्हणालीस, तुझ्या लग्नात मी व्याह्यांशी भांडलो. मला म्हणायचं होतं, त्यांनी सुरुवात केली. दोनदा मी खडू हातात घेतला. तू थांबलीस नाहीस. बरं केलंस. मग पुढे पुढे माझ्याकडची उत्तरं संपली, आणि तू बोलतच होतीस.

तू रडली नाहीस. मी काही करून देतो म्हणून उठलो, तू म्हणालीस, नको. मग जाताना चप्पल घालताना तू विचारलंस, "आईने शेवटी शेवटी काही मागितलं होतं का तुमच्याकडे?"

मी पाटीवर लिहिलं, 'नाही.'

तू वाचलंस आणि गेलीस.

ते खोटं आहे. पाटीवर मावणार नव्हतं हे कारण पण खोटं आहे. मला भीती वाटली.

ती जायच्या आठ दिवस आधी, मंगळवारी, तिने मला हाक मारली. म्हणाली, "अहो, तेवढा मिक्सर काढता का? डाळिंबाचा रस प्यावासा वाटतो. थोडासाच." घरात डाळिंबं होती. तूच पाठवलेली. मी स्टूल घेतलं, चढलो, खोक्याला हात लावला. स्टूल जरा हललं. मी उतरलो. म्हणालो, "कशाला एवढा खटाटोप, दुकानातून बाटली आणतो. तोच रस असतो." ती म्हणाली, "चालेल."

संध्याकाळी बाटली आणली, थंडगार. ग्लासात ओतून दिली. तिने दोन घोट घेतले. मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "छान आहे." बाकीचा उशाशी ठेवला, नंतर घेते म्हणाली. मी टीव्ही लावला. मी खूश होतो, स्टेला. वाटलं, आज मी काहीतरी केलं तिच्यासाठी. एवढे दिवस मी मिक्सर टाकल्याचा सल धरून होतो, पण ही बाटली मी माझ्या बाजूनं जमा धरली होती.

काल दिवसभर लाईट नव्हती. मिक्सर बंद, पोटात काही नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि डाळिंबाच्या रसाची बाटली आणली. एक घोट घेतला. तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. मी बेसिन धरून उभा राहिलो, नळाखाली तोंड धरलं, डोळ्यांतून पाणी थांबेना. माझे फोड तर आता बरे होत आलेत. शेक संपून महिना झाला.

रोझीचं तोंड केमोने सोललेलं होतं. जिभेवर कातडं नव्हतं. मी रोज बघत होतो. तिने दोन घोट गिळले, आणि माझ्याकडे बघून छान आहे म्हणाली.

हे तू मला विचारलं होतंस. हे उत्तर आहे. हे वाचून तू पुन्हा येणार नाहीस असं वाटतं. पत्र दोनदा फाडायला घेतलं. आता पाकीट बंद करतो आणि लगेच पोस्टात जातो, नाहीतर उद्या सकाळी मी हे टाकणार नाही.

पपा


नाशिक
बुधवार, १० सप्टेंबर

पपा,

पत्र काल मिळालं. वर्गात शिकवताना पर्समध्ये होतं, मधल्या सुट्टीत वाचलं, मग पुढचा तास मी मुलांना वाचन दिलं आणि खिडकीपाशी उभी राहिले.

बाटलीचं मला माहीत होतं.

त्या मंगळवारी तुम्ही टीव्ही बघत होतात तेव्हा आईने मला फोन केला. तिला नीट बोलता येत नव्हतं. म्हणाली, "तुझ्या पपांनी आज माझ्यासाठी रस आणला गं. तोंड असं भाजलं की काय सांगू. पण त्यांना सांगू नकोस हं, किती हौसेनं आणला." आणि हसली. पपा, ती खरंच हसली. मला त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग होता. तिच्यावर पण होता.

मी तिला शब्द दिला होता, म्हणून मातीच्या दिवशी मिक्सरबद्दल बोलले आणि याबद्दल बोलले नाही. रविवारी मी मुद्दाम विचारलं होतं. तुम्ही 'नाही' लिहिलंत, तेव्हा ठरवलं होतं की झालं, आता पुन्हा यायचं नाही.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही.

शनिवारी शाळा अर्धा दिवस आहे. दुपारच्या गाडीने निघते, सहापर्यंत पोचेन. रात्री राहीन. मला नेहमीचं जेवण लागतं, भाकरी मी करीन. तुमची त्याच पिठातली करू आणि मिक्सरला लावू.

स्टेला